जुन्या एमटीबीला (माउंटन बाइकला) रेसरचं वाकडं हँडल : कच्च्या रस्त्यासाठी कुणी केलंय का?

कातळवाट | ११ जानेवारी, रात्री ९.५२

नमस्कार मंडळी.

डिसेंबरात राजापूरहून देवाचे गोठणे आणि पुढे सड्यावरच्या वाटांनी दोन दिवस सायकल हाणली. जांभ्याच्या रस्त्यावर ज्यांनी चालवलीय त्यांना सांगायला नको. मोठे खड्डे नसतात, पण चाकाखाली दिवसभर गुरगुर चालू. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो तर भाकरी तुटेना. दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. घरी आल्यावर चार दिवस शर्टाची वरची बटणं बायकोने लावून दिली.

सायकल २०१० च्या आसपासची २६ इंची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) आहे. व्ही-ब्रेक (रिमवर दाबणारे), ३×८ गिअर (पुढे तीन चक्रं, मागे आठ), पुढचा सस्पेन्शन फोर्क, म्हणजे चाकाचा स्प्रिंगवाला चिमटा, अखडून बसलाय त्याला तीन वर्षं झाली. हँडल सरळ, ५८ सेंमी. म्हणजे हात ठेवायला जागा एकच, सकाळी सहाला धरायचं ते संध्याकाळी सोडायचं.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की याला रेसरचं वाकडं हँडल लावावं. हात तीन-चार ठिकाणी ठेवता येतात, मनगट हस्तांदोलनाच्या स्थितीत राहतं. गेल्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एक हँडल अडीचशेला मिळालंही. घासाघीस न करता घेतलं, त्यावरून घरी अजून ऐकतोय.

प्रश्न दोन. ब्रेक आणि गिअरचे कुठले लिव्हर चालतील? आणि हे मुळात शहाणपणाचं आहे का? शर्यत लावायची नाहीये. कोकणातले सडे, वेल्हे-केळदकडचे कच्चे रस्ते, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, बस.

खडूस_कोथरूडकर | ११ जानेवारी, रात्री १०.०८

म्हशीची शिंगं झोकदार दिसतात म्हणून घोड्याला लावायची का?

हात बधिर होतात तर आधी सीटचं नाक खाली झुकलंय का बघा. झुकलं असेल तर अख्खं वजन हातांवर येतं. टायरमधली हवा कमी करा, जाड ग्रिप घाला. पाचशे रुपयांत काम होईल. एमटीबीला सरळ हँडल देणारे इंजिनियर काय झोपा काढत होते?

भोंगा | ११ जानेवारी, रात्री १०.११

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पाना_पक्कड | १२ जानेवारी, सकाळी ७.२०

सांगलीत माझं सायकलचं छोटं दुकान आहे, म्हणून चार गोष्टी.

कोथरूडकर सीटबद्दल बोलले ते शंभर टक्के बरोबर. ते आधी करा, फुकट आहे.

आता हँडल. जुन्या बाजारातून आणलंय ना, मग स्टेमच्या (फोर्कच्या नळीला हँडल जोडणाऱ्या तुकड्याच्या) पकडीत जातो तो मधला भाग व्हर्नियरने मोजा. पट्टीने नाही, व्हर्नियरने. जुन्या एमटीबीचं स्टेम २५.४ मिमीचं असतं. रोडच्या जुन्या हँडलचा मधला भाग बऱ्याचदा २६.० असतो. डोळ्याला फरक दिसत नाही आणि तिथेच माणूस फसतो. नव्या मालात दोन्हीकडे ३१.८ असतं, तिथे ही कटकट नाही.

दुसरी गाठ लिव्हरची. एमटीबीच्या हँडलची नळी ग्रिपच्या जागी २२.२ मिमी, ड्रॉप हँडलची, म्हणजे रेसरच्या वाकड्या हँडलची, २३.८. तुमचे आत्ताचे ब्रेक लिव्हर आणि गिअरचे शिफ्टर त्यावर चढणारच नाहीत. म्हणजे नुसतं हँडल अडीचशेचं, वरातीचा खर्च वेगळा.

तिसरी आणि खरी गोष्ट ब्रेकची. व्ही-ब्रेकला वायर भरपूर ओढावी लागते, रोडच्या साध्या लिव्हरच्या जवळजवळ दुप्पट. रोडचा लिव्हर लावून व्ही-ब्रेक चालवला तर दाबताना एकदम मऊ, स्पंजसारखा लागतो. ताकद असते, पण पॅड रिमला नीट भिडायच्या आत लिव्हर हँडलला टेकतो. पॅड रिमच्या अगदी जवळ आणून बसवले तर शेडमध्ये चालतं. पहिल्याच दगडावर रिम जराशी वाकली की पॅड घासायला लागलेच.

वाटा तीन. एक, टेक्ट्रोचा आरएल-५२० नावाचा लिव्हर येतो, दिसायला रोडचा पण वायर व्ही-ब्रेकइतकी ओढतो. दोन, आखूड हातांचे मिनी-व्ही ब्रेक लावून रोडचे लिव्हर. पण त्यांची वायर टायरच्या फार जवळून जाते, दोन इंची टायरला चिखल लागला की संपलं. तीन, कँटिलिव्हर ब्रेक. त्याला वायर अडकवायला वरून हँगर लागतो, तुमच्या फ्रेमवर तो नसणार आणि सस्पेन्शन फोर्कला हेडसेटवरचा हँगर चालत नाही, कारण फोर्क दबला की वायरचा ताण बदलतो. माझं मत पहिल्याला.

मरीनची_धूळ | १२ जानेवारी, सकाळी ११.४५

कोथरूडकर, इंजिनियर झोपले नव्हते, उलट त्यांनीच हे आधी केलं होतं :) मी कॅलिफोर्नियात मरीन काउंटीच्या जवळ राहते. माउंटन बाइकिंगचं माहेरघर म्हणतात ते हेच. इथल्या चार्ली कनिंगहॅमने सुरुवातीच्या काळातच आपल्या माउंटन बाइकला ड्रॉप हँडल लावलं. त्याने दोघा मित्रांबरोबर १९८२ मध्ये डब्ल्यूटीबी ही सायकलच्या सुट्या भागांची कंपनी काढली, तिने खास मातीसाठी बाहेर फाकलेलं ड्रॉप हँडल बाजारात आणलं. १९८७ सालची ब्रिजस्टोनची एमबी-१ ही माउंटन बाइक तर कारखान्यातूनच ड्रॉप हँडल घेऊन आली.

इथे राहून एक कळलं. हे इथेच का सुचलं, तर इथल्या टॅम डोंगराच्या आजूबाजूचे रस्ते म्हणजे वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेले रुंद कच्चे रस्ते. जीप जाईल एवढे. मुळं, उड्या, अरुंद वळणं कमी. लांबलचक चढ आणि भरधाव उतार जास्त. कातळवाट यांनी वर्णन केलेला सडा मला तसाच वाटतो. दगडातून नाचत जायचं असेल तर रुंद सरळ हँडल हवंच, त्यावर वाद नाही.

आणि अमेरिकन शर्यतपटू जॉन टोमॅक! १९९० ची दुरँगोची माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा तो ड्रॉप हँडलवर खेळला. त्या वर्षी तो रोडच्या शर्यतीही करत होता, दोन्ही सायकलींवर बसायची ठेवण एकच हवी म्हणून.

खडूस_कोथरूडकर | १२ जानेवारी, दुपारी १.३०

टोमॅक १९९१ मध्ये इटलीत क्रॉस-कंट्रीचा जगज्जेता झाला. तेव्हा त्याच्या सायकलला कुठलं हँडल होतं तेही सांगा की ताई.

मरीनची_धूळ | १२ जानेवारी, दुपारी १.५१

सरळ. हा पॉइंट तुमचा.

पण कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जी टूर डिव्हाइड ही शर्यत होते, सुमारे ४,४०० किमी आणि बहुतेक कच्चा रस्ता, तिच्यासाठी साल्सा कंपनीने कटथ्रोट नावाची सायकल ड्रॉप हँडलवरच बेतली. अलीकडे लेडव्हिलच्या शंभर मैलांच्या माउंटन बाइक शर्यतीतही पहिल्या फळीचे लोक ड्रॉप हँडल लावून आले. शंभर मैल आणि मोकळा रस्ता असला की हवा आणि हात, दोन्हींचा हिशेब बदलतो.

भोंगा | १२ जानेवारी, दुपारी २.०२

१-१. चहा घ्या कुणीतरी.

चढावरची_बाई | १३ जानेवारी, रात्री ११.१५

मी हे केलंय. एकदा चुकीचं, एकदा बरोबर. चुकीचं आधी सांगते, कारण सगळे तेच करतात.

पहिल्यांदा एका दुकानातून करून घेतलं. त्यांनी रोडबाइकसारखं बसवलं. जुन्या सरळ हँडलच्या जागी नवं, त्याच स्टेमवर, वरचा आडवा भाग जुन्या उंचीला. दिसायला काय देखणं! गावातून दोनचार चकरा मारल्या, खूश. मग मढे घाटाच्या बाजूला केळदच्या अलीकडे एका खडबडीत उतारावर गेले. हुड, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या बुडाचा रबरी उंचवटा, धरून उतरत होते. हुडवरून लिव्हर दाबताना बोटं लिव्हरच्या खिळीच्या अगदी जवळ असतात, जोर लागत नाही. चार बोटांनी दाबतेय, तरी सायकल थांबत नाही. त्यात एका दगडावर पुढचं चाक उडालं आणि उजवा हात हुडवरून निसटला. नशीब की रस्ता रुंद होता. गवतात जाऊन बसले. मग खालचा वाकडा भाग धरून उतरायचा प्रयत्न केला, तर तो इतका खोल की नाक पुढच्या टायरवर. तसं वजन पुढे घेऊन तीव्र उतार कोण उतरेल? महिन्याभरात सगळं काढून टाकलं आणि लोकांना सांगत फिरले की हे थेर आहे.

चूक हँडलची नव्हती, उंचीची होती. रोडवर खालचा भाग कधीमधी धरायचा असतो. मातीत उलटं, उतारावर *तोच* तुमचा मुख्य मुक्काम. तिथून लिव्हर टोकाजवळ धरता येतो, दोन बोटांत ब्रेक लागतो, आणि हात वाकात अडकलेला असल्यामुळे धक्क्याने निसटत नाही. म्हणून खालचा भाग तुमच्या जुन्या ग्रिपच्या उंचीच्या आसपास आला पाहिजे. तीन-चार सेंमी खाली चालतो, दहा नाही. वरचा आडवा भाग मग छातीशी आल्यासारखा दिसतो, सायकल हरणासारखी दिसते, लोक हसतात. हसू देत.

तेव्हा कातळवाट, तुमच्या हँडलची खोली किती? म्हणजे वरच्या नळीपासून खालच्या नळीपर्यंत.

कातळवाट | १४ जानेवारी, सकाळी ८.०५

ताई, काल रात्री मोजली. साडेचौदा सेंमी. आणि मधला भाग व्हर्नियरवर २६.० आला. स्टेम २५.४. पाना_पक्कड, तुम्ही पायगुण बघून बोलता का?

यूट्यूबवर एकाने उलट प्रकरण केलंय, २५.४ चं हँडल २६ च्या स्टेममध्ये, मध्ये कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा गुंडाळून. माझं जरा घासून...

पाना_पक्कड | १४ जानेवारी, सकाळी ८.०९

नाही.

पाना_पक्कड | १४ जानेवारी, सकाळी ८.३१

गिऱ्हाईक होतं, म्हणून आधी नुसतं "नाही" लिहून ठेवलं. अ‍ॅल्युमिनियमचं हँडल पकडीच्या जागी घासायचं नाही. मोडतं तेव्हा तिथूनच, सांगून नाही. ०.६ मिमीचा फरक म्हणजे दोन्ही बाजूंना ०.३. कॅनचा पत्रा त्याच्या एक तृतीयांशसुद्धा नसतो. तीन वेढे गुंडाळणार, आणि उतारावर सगळं वजन हँडलवर आलं की ते फिरणार. डांबरी रस्त्यावर लोक करतात. मातीत माझ्या दुकानातून अशी सायकल बाहेर जाणार नाही.

तसंही साडेचौदा खोली असेल तर ताईंच्या हिशेबाने ते हँडल बादच. १०-११ सेंमी खोलीचं, खाली बाहेर फाकलेलं ग्रॅव्हलचं (कच्च्या रस्त्यासाठीचं) हँडल घ्या. वर ४६ सेंमी असलं तरी खाली आणखी रुंद होतं, सायकल वळवायला तेवढा जोर हाताला मिळतो.

चढावरची_बाई | १४ जानेवारी, रात्री १०.४०

आता स्टेम. लोक म्हणतात आखूड लावा, कारण हुड पुढे असतात, हात आठ-दहा सेंमी पुढे जातात. खरंय, पण आखूड स्टेमने उंची मिळत नाही. तुमचं आत्ताचं स्टेम बहुधा १०० मिमीचं, सहा अंश चढाचं. त्याजागी ६० मिमी, ३५ अंशाचं घातलंत तर कागदावर केवढा चढ वाटतो, प्रत्यक्षात उंची वाढते जेमतेम अर्धा सेंमी. ९० मिमीचं ३५ अंशाचं घातलंत तर तीन सेंमी वर जातं आणि तरीही पुढची पोच जवळपास चार सेंमी कमी होते. नववीतली त्रिकोणमिती आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडली ती इथे.

उरलेली उंची फोर्कच्या नळीवर रिंगा चढवून काढायची. पण तुमच्या फोर्कची नळी आधीच कापलेली असणार.

पाना_पक्कड | १५ जानेवारी, सकाळी ७.०२

फोर्क अखडलेलाच आहे ना? मग त्याला कशाला कवटाळून बसायचं. साधा लोखंडी चिमटा घाला, व्ही-ब्रेकचे खुंट असलेला, नळी न कापलेला. पाच सेंमी रिंगा आरामात बसतात. एकच गोष्ट बघा: जुन्या फोर्कची उंची चाकाच्या आसापासून वरच्या बुडापर्यंत मोजा आणि सस्पेन्शनच्या जागी बसणारा तेवढ्याच उंचीचा चिमटा घ्या. साधा आखूड घातलात तर सायकल पुढे नाक खुपसेल आणि आत्ता मिळवलेली सगळी उंची गेली.

दातेरी_चक्र | १५ जानेवारी, सकाळी ९.१८

गिअरबद्दल कुणीच बोललं नाही. शिमानोच्या ८ आणि ९ स्पीडमध्ये मागच्या डिरेलरसाठी (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागासाठी) रोड आणि एमटीबीचं वायर ओढण्याचं माप एकच आहे. म्हणजे क्लॅरिसचा (शिमानोच्या ८ स्पीडच्या रोड सेटचा) लिव्हर तुमचा मागचा डिरेलर नीट चालवेल. १० स्पीड एमटीबीपासून माप बदललं, तिथे हे चालत नाही. पुढचा डिरेलर मात्र ८-स्पीडलाही रोडच्या लिव्हरशी जुळत नाही.

पण तुम्ही आरएल-५२० घेणार असाल तर त्यात गिअर नसतातच. मग हँडलच्या टोकाला खोचायचे बार-एंड शिफ्टर. डावा तर फ्रिक्शनच असतो, टकटक नाही, हाताच्या अंदाजाने सरकवायचा. पुढची तीनही चक्रं तशीच वापरता येतील. चिखलात हे सगळ्यांत बिनतक्रार.

नवा_गडी_२९ | १५ जानेवारी, दुपारी ४.४४

माझ्याकडे गेल्या वर्षीची २९ इंची आहे, हायड्रॉलिक डिस्क, १×१२. मीही करू का? ड्रॉप भारी दिसतं.

चढावरची_बाई | १५ जानेवारी, संध्याकाळी ६.००

नको रे बाळा. नव्या एमटीबीची फ्रेम मुळातच लांब, ४०-५० मिमीचं स्टेम गृहीत धरून काढलेली. आखूड करायला काही उरलेलंच नसतं. त्यात हायड्रॉलिकचे ड्रॉप लिव्हर आणि १२ स्पीडची जुळणी यांत अर्ध्या सायकलीचे पैसे जातील. भारी दिसण्यासाठी असेल तर स्टिकर लाव.

खडूस_कोथरूडकर | १५ जानेवारी, संध्याकाळी ६.०७

ताईंशी पहिल्यांदाच सहमत.

कातळवाट | २३ फेब्रुवारी, रात्री ९.३०

मंडळी, झालं. उशीर चिमट्यामुळे. पहिला आला तो आखूड निघाला, परत पाठवला.

शेवटी असं जमलं: लोखंडी चिमटा, पाच सेंमी रिंगा, ९० मिमीचं ३५ अंशाचं स्टेम, ४६ सेंमीचं ११ सेंमी खोलीचं फाकलेलं हँडल, आरएल-५२०, टोकाला बार-एंड. ब्रेक जुनेच. खर्च सगळा मिळून नऊ हजारांच्या आत.

काढण्याआधी सायकल भिंतीला टेकवून जुन्या ग्रिपची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली होती, ९९ सेंमी. नवं बसवल्यावर खालचा भाग ९६ ला आला. ती रेघ अजून हॉलमध्ये आहे, पाहुणे विचारतात कुठल्या मुलाची उंची.

दोन गोष्टी कुणी सांगितल्या नव्हत्या. एक, हँडल वर गेल्यामुळे जुन्या वायरी आणि आऊटर (वायरींवरच्या नळ्या) आखूड पडले. स्टँडवर सगळं ठीक होतं. खाली उतरवून हँडल पूर्ण वळवलं तर मागचा ब्रेक आपोआप लागला! पुन्हा सगळं सोडून लांब आऊटर घातले. टेप गुंडाळायच्या *आधी* हे बघा. मी नंतर बघितलं, त्यामुळे टेप दोनदा गुंडाळली. दुसऱ्यांदा उजव्या बाजूला लिव्हरपाशी चार बोटं नळी उघडी राहिली, तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा लावलाय.

दोन, उभं राहून चढताना गुडघा बार-एंडला लागतो आणि गिअर बदलतो. चढावर. उभा असताना. तोंडातून काय निघालं ते इथे लिहिता येत नाही.

दातेरी_चक्र | २३ फेब्रुवारी, रात्री ९.४१

फ्रिक्शनचा स्क्रू थोडा आवळा. आणि कमी उभे राहा :)

कातळवाट | ९ मार्च, रात्री १०.१२

केळदला जाऊन आलो, आणि गेल्या आठवड्यात पुन्हा राजापूर. तोच सडा, तेच अंतर. कातळशिल्पांच्या जागा सोडून कडेकडेने गेलो, त्यावरून चाक नेऊ नका रे कुणी.

खरं सांगायचं तर सायकल वेगळीच झालीय. सपाटीवर आणि चढावर हुड, कंटाळा आला की वरची आडवी नळी, उताराला खाली. ब्रेक खालून दोन बोटांत लागतो. चिमटा कडक असल्यामुळे दगड आधीपेक्षा जास्त जाणवतात, त्यासाठी कोथरूडकरांचं ऐकून हवा कमी केली, सीटचं नाकही सरळ केलं. त्यामुळे बोटं बरी झाली ती हँडलने की सीटने, हे मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. बधिर झाली नाहीत एवढं खरं.

जिथे कमी पडलं ते एका ओढ्याच्या पात्रात, डोक्याएवढ्या गोट्यांतून. तिथे चाक हवं तसं फेकता येत नाही. उतरलो आणि ढकलत नेली.

खडूस_कोथरूडकर | ९ मार्च, रात्री १०.२०

हवा आणि सीट. पाचशे रुपये. मी पहिल्याच प्रतिसादात म्हणालो होतो.

मरीनची_धूळ | १० मार्च, सकाळी १०.०३

मस्त! फोटो टाका ना, हरणाचा.

खडूस_कोथरूडकर | १० मार्च, रात्री ११.३८

कातळवाट, एक विचारायचं होतं. ते जुन्या बाजारातलं हँडल टाकून दिलं का? आमच्या माळ्यावर वडिलांची रेसर पडून आहे, तिचं हँडल त्यांनी एकोणनव्वद साली कापून सरळ करून घेतलं होतं. सहज म्हणून विचारतोय.

कातळवाट | १० मार्च, रात्री ११.५०

आहे की. बाल्कनीत त्यावर पायपुसणी वाळत घालतो आम्ही. रविवारी घेऊन जा, पैसे नकोत.

पाना_पक्कड | ११ मार्च, सकाळी ६.५५

स्टेम मोजलं का?